वर्षाची बाटली

पोरी, ताईला झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची बाटली लावायची ठरली, हे तुझ्या फोनवरून कळलं. एवढं लांब नाव आपल्या भंडाऱ्याकडं कुणी घेत नाही. बाया ‘वर्षाची बाटली’ म्हणतात, कारण हाडं ठिसूळ झालेल्याला ती वर्षातून एकदाच लागते. ताईचा दबलेला मणका एक्स-रेत दिसलाच आहे. हाडांची घनता मोजणाऱ्या, नागपूरला केलेल्या डेक्साचा टी-स्कोअर उणे अडीचच्याही बराच खाली आहे. तेव्हा लावायची की नाही हा प्रश्न संपला. तू विचारलंस त्रास काय काय होतो. होतो, आणि कधी कधी चांगलाच होतो. पण इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर माझं मत असं झालं आहे, की त्यातला बराचसा त्रास बाटली लागायच्या आधीच टाळता येतो. म्हणून मी आधीचंच जास्त बोलणार. वही घेऊन बस.

औषध करतं काय, ते थोडक्यात समजून घे. हाड रोज थोडं कुरतडलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. पाळी गेल्यावर कुरतडणं वाढतं, भरणं मागे पडतं. बांधीच्या धुऱ्याला खेकडे भोकं पाडतात ना, तसंच समज. हे औषध खेकड्यांना गप्प बसवतं. भोकं बुजवायची माती, म्हणजे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, ती मात्र आपल्यालाच आणून टाकावी लागते. औषध हाडाला चिकटून राहतं, म्हणून वर्षाला एकदा पुरतं. म्हणूनच एकदा आत गेलं की परत काढताही येत नाही. गोळीनं त्रास झाला तर उद्यापासून गोळी बंद. इथं तसं नाही, म्हणून बाटली लावण्याआधी सगळं पाहून घ्यायचं.

सगळ्यात आधी किडनी. हे औषध शरीरातून बाहेर पडतं ते किडनीवाटेच, आणि किडनी आधीच थकलेली असेल तर तिला ते झेपत नाही. किडनी निकामी होऊन काही रुग्ण दगावले, तेव्हा 2011 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सक्त सूचना काढली, की किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला 35 मिलिलिटरच्या खाली असेल तर ही बाटली लावायचीच नाही. आपल्याकडे गंमत होते ती इथंच. लॅबच्या कागदावर क्रिएटिनिन 1.0 येतं, पुढे ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, आणि घरचे निश्चिंत. पण तो आकडा धडधाकट माणसाला नॉर्मल. सुकलेल्या म्हातारीच्या अंगात मांसच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमीच तयार होतं आणि आकडा गोड दिसतो. हिशेब असा करायचा: 140 मधून वय वजा कर, उरेल त्याला किलोतल्या वजनानं गुण, मग क्रिएटिनिनच्या 72 पटीनं भाग, आणि बाई असेल तर 0.85 नं गुण. पवनीकडची एक आजी धर, वय 74, वजन 42, क्रिएटिनिन 1.0. 66 गुणिले 42 म्हणजे 2772. भागिले 72, साडेअडतीस. गुणिले 0.85, साधारण 32.7. कागदावर नॉर्मल, आणि बाटली मात्र चालत नाही. ताईचंही वय तेच, पण वजन 48 आणि क्रिएटिनिन 0.9, म्हणजे उत्तर येतं 41 च्या वर. चालेल. तरी डॉक्टरांना हा आकडा विचारच. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि रिपोर्ट ताजा हवा, सहा महिन्यांपूर्वीचा नको. दर वर्षीच्या बाटलीआधी तो नव्यानं काढायचा.

किडनीवरूनच दुसरी गोष्ट. ताई गुडघ्यांसाठी मेडिकलमधून जी ‘दुखण्याची गोळी’ आणते, डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक काहीतरी, ती कधीपासून थांबवायची हे डॉक्टरांना विचारून घे. बाटलीच्या आगेमागे ती नकोच. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर तेही सांग, पण मनानं बंद करू नकोस. आणि गावातून कुणी सांधेदुखीची पांढरी पुडी आणून देत असेल, जी खाल्ली की दोन दिवसांत बाई उड्या मारायला लागते, तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. हाडं ठिसूळ व्हायचं तेही एक मोठं कारण आहे. ती पुडीही डॉक्टरांच्या टेबलावर ठेव, लाजू नकोस. वर्षानुवर्षं घेत असेल तर तीही एकदम बंद करायची नसते, ते डॉक्टरच ठरवतील.

आता माती. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी असताना बाटली लावली, तर हाडातून रक्तात येणारं कॅल्शियम अडतं आणि रक्तातलं घसरतं. ते लगेच कळत नाही. साधारण आठवडा-दहा दिवसांनी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, हाताची बोटं आपोआप आकसतात. फार घसरलं तर झटके येतात. तेव्हा घरचे म्हणतात, ‘वारं गेलं’. आपल्या बायांना वाटतं, आम्ही जन्मभर उन्हात रोवणी केली, आम्हाला कसली ड ची कमी? पण रोवणी सुटून किती वर्षं झाली ते पाहा. रोवणीतही डोक्यापासून पायापर्यंत लुगडंच असतं, ऊन पडतं ते पाठीवरच्या कापडावर. रक्तातलं ड तपासून घे. कमी असेल तर डॉक्टर आठवड्याला एक 60,000 युनिटची पुडी देतील, ती नेमानं काही आठवडे गेली पाहिजे, आणि ती भरून झाल्यावरच बाटली. आजच पुडी आणि उद्याच बाटली, असं करू नका. गळ्याचं, थायरॉईडचं ऑपरेशन झालेलं असेल तर तेही सांगायचं, कारण कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी तिथंच शेजारी असतात.

कॅल्शियमची गोळी जेवणानंतर, आणि लोहाच्या किंवा थायरॉईडच्या गोळीपासून दोन-चार तास लांब. जेवणात ताक, तीळ, शेवग्याचा पाला घाल. ताई खाते तर तलावातले छोटे मासे काट्यासकट खाऊ घाल, ढिवरीण दारावर घेऊन येते ते. ‘गव्हाएवढा चुना खा, कॅल्शियम मिळते’ असं सांगणारे गावोगाव आहेत. पण चिमटीत उचललेल्या चुन्याचं माप कोण ठेवतं? तो तोंडही भाजतो. गोळी मिळत असताना हा उद्योग कशाला.

तोंडाचं निघालंच आहे तर दात. हा मुद्दा आपल्या जिल्ह्यात मी सगळ्यात आग्रहानं सांगते. या औषधानं क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि महिनोन् महिने भरत नाही. 2003 च्या सुमारास हे पहिल्यांदा लक्षात आलं, तेही मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांत, ज्यांना हेच औषध दर महिन्याला जातं. ठिसूळ हाडांसाठीच्या वर्षाच्या मात्रेत हा त्रास फार दुर्मीळ आहे, दहा हजारांत एखादा किंवा त्याहूनही कमी. पण त्याला खतपाणी मिळतं सडक्या दातांचं, सुजलेल्या हिरड्यांचं आणि दात काढल्यावरच्या जखमेचं. आपल्याकडे माणसांच्या गालात खर्रा आणि कितीक बायांच्या बोटावर तंबाखूचा गुडाखू. पन्नाशीत निम्मे दात हलतात आणि बाई म्हणते, ‘हलते तं हलू दे, आपोआप पडल.’ तसं नाही चालायचं. आधी दातांच्या डॉक्टरांना दाखव. जो काढायचा तो आताच काढून टाक, जखम पूर्ण भरू दे, एक-दोन महिने गेले तरी चालतील, मग बाटली. कवळी टोचत असेल तर घासून घे. बाटलीनंतर कधी दातांकडे जायची वेळ आली, तर खुर्चीत बसण्याआधी सांगायचं, ‘मला हाडाची बाटली लागलेली आहे.’ रूट कॅनाल करून दात वाचत असेल तर तो काढण्यापेक्षा ते बरं. दात साफ करून घ्यायला, भरून घ्यायला काही हरकत नाही. गुडाखू सुटला तर उत्तमच, पण त्यासाठी बाटली अडवून बसू नका.

आपल्या भागातल्या आणखी दोन गोष्टी. घरात कुणाला सिकल, म्हणजे सिकल सेलचा रक्ताचा आजार, असेल, आणि पूर्व विदर्भात ती किती घरांत आहे हे तुला सांगायला नको, तर रुग्णाचीही सिकल तपासणी झाली आहे का ते पाहा. सिकलच्या माणसाला ताप आणि अंगातलं पाणी कमी होणं, दोन्हीनं दुखण्याचा झटका येऊ शकतो. आणि त्याच्या खुब्याचं दुखणं बरेचदा हाडाचा रक्तपुरवठा तुटल्यानं असतं, ठिसूळपणानं नसतं. दुसरं पाणी. आपल्या बाजूच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. तिथल्या माणसाचं हाड डेक्सावर भरीव दिसतं आणि आत असतं ठिसूळच. दात पिवळे-तपकिरी चट्ट्यांचे असतील तर मशीनच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. ताईला यातलं काही नाही, पण तू ज्यांना ज्यांना हे पुढे सांगशील त्यांच्यासाठी बोलले.

मुहूर्त मी विचारते तो हवामानाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 कडे जातो, सावलीतही अंगातलं पाणी आटतं. अशा दिवसांत ठिसूळ हाडांची ठरवून लावायची बाटली मी तरी लावू देत नाही. रोवणीच्या दिवसांत घरात म्हातारीजवळ बसायला माणूस नसतो. धान कापून झालं, थंडी पडली, की तो काळ बरा. पण खुबा मोडून ऑपरेशन झालेलं असेल तर ऋतूची वाट पाहत बसायची नाही. तिथं ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे जाऊ द्यायचे आणि मग तीन महिन्यांच्या आत लावून टाकायची. 2007 च्या एका मोठ्या अभ्यासात खुबा मोडल्यावर तीन महिन्यांच्या आत ज्यांना ही बाटली मिळाली, त्यांच्यात पुन्हा हाड मोडणं 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी निघाले. इतका फायदा ऊन-पावसापायी सोडायचा नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. बाया सकाळी येतात त्या उपाशी. विचारलं की सांगतात, ‘रक्त तपासाचं असते न जी, म्हणून नाई खाल्लं.’ किंवा आठवड्याची हाडाची गोळी आधी घेतलेली असते, ती उपाशीपोटी घ्यायची असते, तोच नेम इकडे लावतात. बाटलीला उपास लागत नाही. उलट पोट भरलेलं हवं आणि पाणी भरपूर प्यायलेलं हवं. लाखांदूर-साकोलीकडून एसटीनं येणाऱ्या बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वाटेत बाईमाणसाला जायची धड सोय नाही. घसा कोरडा घेऊन उतरतात आणि तशाच बेडवर झोपतात. किडनीला नेमका तोच घात. म्हणून भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर आधी ताईला नाश्ता दे, दवाखान्यात पोचल्यावर दोन ग्लास पाणी पाज, तिथं संडास कुठं आहे ते दाखवून ठेव म्हणजे ती निवांत पिईल. हृदयाच्या दुखण्यानं पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या बाईचं वेगळं, तिनं विचारून प्यावं. चतुर्थी, एकादशी असा दिवस तारखेला येत असेल तर तारीख बदल, ताई उपास सोडायची नाही.

बाटली पाहा. ठिसूळ हाडांची असते 5 मिलिग्रॅमची, बहुतेक 100 मिलिलिटरमध्ये तयारच येते. कॅन्सरची असते 4 मिलिग्रॅमची आणि ती वारंवार लागते. औषध एकच आहे. शेजारच्या आळीतल्या एखादीला स्तनाच्या कॅन्सरसाठी ते आधीच चालू असेल आणि दुसऱ्या डॉक्टरनं हाडासाठी पुन्हा लिहून दिलं, तर दुप्पट जाईल. ब्रँडचं नाव वेगळं असलं तरी खालचं बारीक नाव वाचायचं. बाटलीची नळी वेगळी हवी, तिच्यात दुसरं काही मिसळायचं नाही. रिंगर लॅक्टेट, ज्याला सगळे आरएल म्हणतात, त्यात कॅल्शियम असतं, त्याच्याबरोबर तर कधीच नाही.

वेग हा मोठा मुद्दा. पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळात ही बाटली सोडायची नाही हा नियम, आणि वयस्क बाईला मी अर्धा तास धरते. 20 थेंबांना एक मिलिलिटर पडतो अशा सेटवर अर्ध्या तासात 100 मिलिलिटर म्हणजे मिनिटाला 66-67 थेंब. घड्याळ लावून मोज, शिकवलं की कुणालाही जमतं. गर्दीच्या दिवशी बेड रिकामा करायची घाई असते आणि चाकी पूर्ण उघडी सोडलेली मी पाहिली आहे. तसं दिसलं तर सिस्टरला गोडीनं म्हण, ‘मॅडम, जरा हळू करता का?’ ताईला दमा असेल आणि अ‍ॅस्पिरिननं तो उफाळत असेल तर ते आधी सांगून ठेव. संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसू दे, मग निघा. मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नका.

आणि आता ताप, ज्याच्यापायी अर्ध्या बाया दुसऱ्या वर्षी फिरकतच नाहीत. बाटली दुपारी लागली तर बहुतेक त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं. थंडी वाजते, ताप चढतो, डोकं ठणकतं, सांधे न् सांधे बोलतो, जेवण नको वाटतं. एक आजी मला म्हणाली होती, ‘मले नोको थे बाटल सिस्टर, मांगच्या सालीं मरता मरता वाचलो.’ मेली-बिली नसती, पण तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. हे जंतूंचं दुखणं नव्हे. या औषधानं रक्तातल्या काही संरक्षक पेशी चेवतात आणि ताप आणणारी रसायनं सोडतात. दोन-तीन दिवसांत ते आपोआप ओसरतं. आकडे ऐक. 2007 सालीच जो मुख्य अभ्यास झाला, 7,765 बायांवर, त्यात पहिल्या बाटलीनंतर असा त्रास झाला शंभरात बत्तीस जणींना. दुसऱ्या वर्षी शंभरात सात. तिसऱ्या वर्षी तीन. म्हणजे पहिल्या वर्षी जे सोसायचं ते सोसून झालं, आणि बाई नेमकी तिथंच सोडते. त्याच अभ्यासात तीन वर्षांत मणके मोडणं 70 टक्क्यांनी आणि खुबा मोडणं 41 टक्क्यांनी कमी झालं. सगळ्यात मोठा साईड इफेक्ट म्हणजे घाबरून दुसरी बाटली चुकवणं, असं मला वाटतं.

पॅरासिटॅमॉल ताप यायची वाट न पाहता दे. बाटलीच्या दिवशी एक, आणि पुढचे तीन दिवस 500 ची सहा-सहा तासांनी. 650 ची असेल तर दिवसात तीनपेक्षा जास्त नको. लिव्हरचं दुखणं असेल तर आधी विचार. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटॅमॉल असतं, दोन्ही एकदम देऊ नकोस. पेज, वरणाचं पाणी, ताक, मिळेल ते पाजत राहा.

त्या तापाच्या रात्रींबद्दल एक सांगते, कागदावर हे कुठं लिहिलेलं नसतं. ताई रात्री तीनला उठते. संडास अंगणापलीकडं. अंगात ताप, डोकं गरगरतं, पायरी दिसत नाही. जिचं हाड वाचवायला बाटली लावली तीच त्या रात्री पडली तर? असं होताना मी पाहिलं आहे. म्हणून तीन रात्री तिच्या खाटेजवळ कुणीतरी झोपायचं. दिवा चालू ठेवायचा, लाईट गेली तर हाताशी बॅटरी. बादली किंवा पॉट खोलीतच. तिला लाज वाटेल, ‘मी काय लहान लेकरू हाय’ म्हणेल. म्हणू दे.

पण सगळा ताप बाटलीचा समजू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे मलेरिया आहे, डेंग्यू आहे, आणि 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसनं काय केलं ते आठवत असेल. तीन दिवसांनंतरही ताप उतरत नाही, किंवा उतरून पुन्हा चढतो, तर रक्त तपासायचं. ‘बाटलीचा हाय, जाईल’ असं म्हणून आठवडा काढायचा नाही. लघवी कमी झाली, तोंड-पाय सुजले तर त्याच दिवशी दवाखाना. डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं, तर मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. या औषधानं क्वचित डोळ्याच्या आतल्या पडद्यांना सूज येते, तिला डोळ्यांचाच डॉक्टर लागतो आणि तोही लगेच. ओठांना मुंग्या कशानं येतात ते वर सांगितलंच, आल्या तर तेव्हाही त्याच दिवशी दवाखाना. छातीत धडधड जाणवायला लागली, नाडी वेडीवाकडी लागली, तर ईसीजी काढून घ्या. त्या 2007 च्या अभ्यासात हृदयाचे ठोके गंभीररीत्या बिघडलेल्या बाया औषधवाल्या गटात 1.3 टक्के होत्या, नुसत्या सलाईनवाल्या गटात 0.5. बाकीच्या अभ्यासांत हा फरक तसा दिसला नाही, म्हणून घाबरू नका, पण कान उघडे ठेवा. काही जणींचं अंगदुखणं आठवडे, कधी महिनेही रेंगाळतं. तसं झालं तर पुढच्या भेटीत स्पष्ट सांगायचं.

मांडीचं मात्र लांबचं लक्षात ठेव. तीन-चार वर्षं हाडाचं औषध झालेल्या बाईला मांडीत किंवा जांघेत खोलवर, एकसारखं, मुका मार लागल्यासारखं दुखायला लागलं, तर तो वात नाही आणि चमकही नाही. मांडीच्या हाडाला बारीक चीर पडायला लागलेली असू शकते, आणि दुर्लक्ष केलं तर चालता चालता हाड तुटतं, पडण्याचीही गरज नाही. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायचा, कारण चीर दोन्हीकडे असू शकते. हे फार थोड्या जणींत होतं, पण आशियाई बायांत गोऱ्यांपेक्षा जास्त आढळलं आहे. तेव्हा मांडी चोळून घ्यायला मालीशवालीला बोलावू नका.

म्हणूनच दर वर्षी अशी बाटली आयुष्यभर लावत राहायचं नाही. साधारण तीन झाल्या की थांबून पुन्हा डेक्सा, पुन्हा हिशेब. औषध हाडात राहिलेलं असतं, त्यामुळे काही वर्षं थांबलं तरी फायदा टिकतो. जिचं हाड फारच कमजोर तिला डॉक्टर पुढे नेतात. इथं एक घोटाळा होतो. सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडावर कातडीखाली टोचतात ती सुई, डेनोसुमॅब, तिला हा नियम लागू नाही. ती मध्येच सोडली की हाड झपाट्यानं झिजतं आणि एकामागे एक मणके दबतात. शेजारणीची सुई आणि ताईची बाटली एकच समजून कुणी काही सल्ला दिला तर ऐकून घे आणि सोडून दे.

ताईच्या फाईलमध्ये एक पुठ्ठा लाव. त्यावर लिही: औषधाचं खालचं नाव, 5 मिलिग्रॅम, तारीख, बॅच नंबर, त्या दिवशीचं क्रिएटिनिन, वजन, ड ची पातळी, आणि ताप किती दिवस होता. बाटलीचं खोकं फेकू नको, निदान फोटो काढून ठेव. पुढच्या वर्षी डॉक्टर बदललेले असतील, तू नसशील तर तुझा भाऊ घेऊन जाईल, त्याला काही आठवणार नाही. पुढची तारीख त्यावरच मोठ्या अक्षरांत टाक. आणि दातांच्या डॉक्टरकडं या सोमवारीच ने तिला. ती नाही म्हणाली तर मला फोन लाव, मी बोलते तिच्याशी.